नाकतोड्याचा पहिला प्रश्न

एका उघड्या माळावर एक नाकतोडा राहत असे, आणि त्याला सगळं ठाऊक असे. निदान तो तरी तसं सांगत असे. वारा कुठून येणार, शेळ्या कुठे वळणार, मुंग्यांनी घर खरं म्हणजे कुठे बांधायला हवं होतं, सगळं. मुलांनो, तुमच्या वर्गातही असा एखादा असेलच. त्याच्याकडे आत्ता वळून बघू नका. या नाकतोड्याने जन्मात कुणाला एक प्रश्न विचारला नव्हता. विचारणं म्हणजे आपल्याला येत नाही हे कबूल करणं, असं त्याचं मत होतं. मतं त्याच्याकडे भरपूर होती.

त्या वर्षी उन्हाळा असा तापला की माळावरचं गवत करपून गेलं. जे थोडंफार हिरवं उरलं, ते शेळ्यांनी मुळापर्यंत फस्त केलं. नाकतोड्याच्या पोटात खड्डा पडला. उडी मारायला जावं तर तो जिथल्या तिथेच आपटायचा. आज काही खायला मिळालं नाही तर आपण उद्याचं ऊन बघत नाही, हे त्याने ओळखलं. आयुष्यात बहुधा ही एकच गोष्ट त्याला खरोखर ठाऊक झाली होती.

धडपडत, आपटत तो माळाच्या टोकाला पोचला, तर समोर रुईचं झुडूप! सगळा माळ वाळलेला आणि ही बाई मात्र ओंजळीएवढी जाडजूड पानं मिरवत उभी. पानांवर पांढरी भुकटी. शेवटचा जोर लावून नाकतोड्याने उडी मारली ती थेट एका पानावर. त्याला हसू आवरेना.

"काय गं, पावडर थापून कुठे लग्नाला निघालीस?" असं म्हणून उत्तराची वाट न बघता तो पुढे म्हणाला, "तुला पाय नाहीत, दात नाहीत, शिंगं नाहीत. तू म्हणजे वाढून ठेवलेलं ताट आहेस!"

रुईचं लक्षच नव्हतं. ती उन्हात उभं राहण्याच्या कामात होती.

शेजारच्या पानावर एक अळी आधीच बसली होती. अंगावर काळे, पिवळे, पांढरे पट्टे. देठाजवळ, पानाच्या मधल्या शिरेवर तिने डोकं टेकलं होतं. तिथून पांढरंशुभ्र दूध थेंब थेंब खाली पडत होतं. बराच वेळ ती तशीच वाकलेली राहिली, मग बाजूला सरकून स्वस्थ बसली. दूध गळायचं थांबलं, तशी ती पानाच्या टोकाकडे गेली आणि मजेत जेवू लागली.

दुसरा कुणी असता तर त्याने विचारलं असतं, "ताई, हे काय चाललंय?" अळीने सांगितलंही असतं, ती तशी बोलकी होती. पण आपल्या नाकतोड्याने सगळं मनातल्या मनात ओळखून टाकलं. डोकं टेकणं म्हणजे नमस्कार. दूध म्हणजे अभिषेक. स्वस्थ बसणं म्हणजे नैवेद्य दाखवून डोळे मिटणं. या झाडाची ही पूजा असणार, आणि पूजा केली की प्रसाद मिळणार!

"दूध काही आपल्याकडे नाही," तो पुटपुटला, "पण मनापासून केलं म्हणजे पोचतं."

त्याने देठाशी डोकं टेकलं. पानाला प्रदक्षिणा घातली. भुकटीवरून पाय घसरला, तसा सावरून आणखी एक घातली. मग पुढचे दोन्ही पाय जोडले, डोळे मिटले आणि तोंड उघडलं.

"अहो नाकतोडेराव, जरा थांबा," अळी घाईघाईने म्हणाली, "आधी ती शीर..."

"मला ठाऊक आहे!" नाकतोडा म्हणाला, आणि त्याने पानाचा हा एवढा मोठा लचका तोडला.

तोडल्या जागेतून दूध असं भसकन आलं की त्याचं तोंड भरलं. चव अशी कडू की डोळ्यांत पाणी. "शी!" म्हणायला गेला, तेवढ्यात दुधाचा डिंक झाला आणि वरचा जबडा खालच्या जबड्याला चिकटून बसला. माळावर एकदम शांतता पसरली. इतकी, की काय झालं ते बघायला मुंग्या बाहेर आल्या.

आणि नेमका तेव्हाच सरडा आला. दगडाआडून झेप घेऊन त्याने नाकतोड्याला तोंडात धरलं. बिचाऱ्याला ओरडताही येईना. ज्या तोंडाने त्याने सगळ्या माळाला शिकवलं, त्या तोंडाने आता "वाचवा" एवढंही म्हणता येत नव्हतं. संपलं, असं त्याला वाटलं, आणि खरंच फार वाईट वाटलं.

पण सरड्याची जीभ त्या कडू दुधाला लागली मात्र, त्याने असं काही तोंड वाकडं केलं की काय सांगू! थू थू करत त्याने नाकतोड्याला बाहेर टाकलं आणि दगडावर जीभ घासत तो पळाला.

नाकतोडा पडला तो रुईच्या बुंध्याशी. तिथल्या मातीत त्याने तोंड घासघास घासलं. हळूहळू डिंक सुटला. आता हा काय मत देतो म्हणून मुंग्या कान टवकारून बसल्या. नाकतोड्याने तोंड उघडलं आणि तो म्हणाला, "का?"

मुंग्यांना आपण चुकीचं ऐकलं असं वाटलं.

"का म्हणजे?" रुई पहिल्यांदाच बोलली. "अरे बाबा, ऊन लागलं तर तू सावलीत जातोस. मला जाता येतं का? म्हणून ही अंगावरची भुकटी. कुणी खायला आलं तर तू उडी मारतोस. मी कुठे उडू? माझ्या कित्येक पणज्यांना तुझ्या पणजोबांनी बुंध्यापर्यंत खाल्लं. ज्यांचं दूध जरा कडू होतं, त्याच मागे उरल्या. त्यांच्याच बिया कापसाच्या म्हाताऱ्या होऊन वाऱ्यावर उडाल्या, रुजल्या. त्यांच्या लेकींत ज्या आणखी कडू निघाल्या, त्या टिकल्या. असं होत होत मी झाले. यात माझी हुशारी काही नाही."

"आणि मग हिला कसं चालतं?" नाकतोड्याने अळीकडे बघितलं. हा दुसरा प्रश्न!

"मी आधी शीर कुरतडते," अळी म्हणाली. "दूध गळून जातं, मग जेवते. थोडं कडू अंगात मुरतं, म्हणून सरडा मला तोंड लावत नाही. पणज्या आमच्याही होत्या म्हटलं! पण तुम्ही हे करू नका हं. तुमच्या पोटाला सोसायचं नाही."

"मग मी खाऊ तरी काय?" नाकतोड्याने तिसरा प्रश्न विचारला.

"जरा पायाखाली बघ," रुई म्हणाली.

नाकतोड्याने खाली बघितलं. तो कोवळ्या, हिरव्यागार गवतात उभा होता! रुईच्या सावलीत ते वाळलं नव्हतं. आणि तिच्या कडू पानांच्या धाकाने एकही शेळी इकडे फिरकली नव्हती. ताट समजून तो ज्या पानावर चढला, तिथे जाताना त्याने याच गवतावरून उडी मारली होती.

त्याने अधाशासारखं तोंड पुढे नेलं आणि मध्येच थांबला.

"या गवताला," तो हळूच म्हणाला, "आधी काही करायचं असतं का?"

"काही नाही," रुई म्हणाली. "जेव आता."

तात्पर्य : जो जागचा हलत नाही त्याला दुबळा समजू नये, आणि जे आपल्याला ठाऊक नाही ते घास घेण्याआधी विचारावं, नंतर तोंड उघडेलच असं नाही.