उसळ्या संघ बदलतो

फार फार जुनी गोष्ट. दक्षिणेकडच्या एका माळरानावर प्राण्यांचे संघ चेंडू खेळत, आणि हंगाम संपला की आपसात खेळाडूंची अदलाबदल करत. टेकडीच्या संघात उसळ्या नावाचा कांगारू होता. उंच उडी मारून चेंडू झेलावा तर त्यानेच!

त्या वर्षी संघाची म्होरकी, बिळात राहणारी गुबगुबीत वाँबॅटआजी, हिने एक तरुण कांगारू आणला. त्याची उडी पाहून सगळे हरखले. उसळ्याच्या मात्र पोटात दुखू लागलं. तो तडक आजीकडे गेला.

“आजी, संघात एक तर तो राहील, नाही तर मी!”

“अरे, तुम्ही दोघं मिळून खेळावं म्हणूनच तर त्याला आणलं,” आजी म्हणाली.

पण उसळ्या हट्टालाच पेटला. शेवटी आजीने जड मनाने त्यालाच नदीच्या संघाला देऊन टाकलं.

नदीकाठी त्याचं जंगी स्वागत झालं. एक थोराड कांगारू तेवढा लांब उभा राहून त्याला जळत्या डोळ्यांनी न्याहाळत होता. ती नजर उसळ्याने लगेच ओळखली आणि तो मनातून ओशाळला. गर्दीतून वाट काढत तो त्याच्यापाशी गेला.

“दादा, इथला वारा मला ठाऊक नाही. शिकवाल का?”

थोराड कांगारूने वाऱ्याकडे तोंड केलं. मग त्याने चेंडू उसळ्याकडे उंच उडवला.