साळूला न विचारलेलं अंगण

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हा बोरीदऱ्याच्या ओढ्याला चैत्रातही पाणी असायचं. आज ऐकून हसाल, पण होतं. त्या गावात गोंदाजी नावाचा गवंडी राहायचा. असं म्हणतात, की त्याच्या हातच्या घरात भांडण उंबऱ्यावरूनच माघारी फिरायचं.

त्याची रीत जगावेगळी. लोक आधी भिंती घालतात आणि उरेल त्याला अंगण म्हणतात. गोंदाजी आधी अंगण धरायचा. मोकळ्या जागेवर तो घरच्या बाईला अनवाणी फिरवायचा आणि म्हणायचा, "माय, जिथं बसावंसं वाटंल तिथं बस." ती बसली, की तिच्याभोवती तो चुन्याच्या फक्कीनं चौक आखायचा. मग चौकाला धरून ओसरी, माजघर, खोल्या. झाडं कुठं लावायची तेही तीच सांगायची. पुरुष कुरकुरायचे, पण घर उभं राहिलं, की त्याच चौकात पाय पसरून बसायचे.

गावाची घरं झाली आणि मग गोंदाजीनं स्वतःचं घर काढलं. त्याची बायको साळू. तिची हयात कुडाच्या खोपटात, धुरात गेली होती. अंगणासाठी तिचा जीव नुसता तुटायचा. जागेवर फिरायला जायचं म्हणून ती नवं लुगडं नेसून तयार झाली. पण गोंदाजीला तिला चकित करायचं होतं.

"तू घरीच ऱ्हा," तो म्हणाला. "तुझं मन मला ठावं न्हाई व्हय?"

नवरे असं म्हणतातच. साळूनं लुगडं बदललं आणि ती चुलीपुढं बसली.

घर झालं. मधोमध चौक, तसा पंचक्रोशीत नव्हता. डाळिंब, मोगरा, तुळस, मधे दगडी कुंड. पण साळू त्यात बसेना. ती चौक झाडायची, सारवायची, आणि कामं आटोपली, की मागच्या दारी मोरीच्या पाण्यापाशी जाऊन बसायची. असं म्हणतात, की चौकातल्या मोगऱ्याच्या कळ्या न उमलताच गळायच्या. गोंदाजी घागरीवर घागरी ओतायचा, ते पाणी जमिनीखालून मागच्या दारी जायचं, आणि तिथलं अळू पुरुषभर वाढायचं.

गोंदाजी रागावला, रुसला, थकला. कारण मात्र विचारेना. विचारलं, तेव्हा साळू तापानं अंथरुणाला खिळली होती.

"साळू, चौकात कदी का बसली न्हाईस गं?"

"साऱ्या गावाच्या बायांना इचारलंत," ती म्हणाली. "मला तेवढं न्हाई इचारलं."

"मग आता सांग. कुठं बसली असतीस?"

साळू उठू लागली. तिला फिरून दाखवायचं होतं. तिचे पाय जमिनीला लागले आणि ती गेली.

गोंदाजीचं काळीज फाटलं. क्रियाकर्म उरकलं आणि त्यानं पहार घेऊन स्वतःचंच घर पाडायला काढलं. चौकच चुकला, तर भिंती कशाला? खरी जागा सापडली तर पाऊस रेघ पुसणार नाही, असं त्यानं मनाशी धरलं. एक भिंत पाडायची, नवा चौक आखायचा आणि पावसाची वाट बघायची. पाऊस यायचा आणि रेघ पुसून जायचा. शेवटी मागचं दारही पडलं.

"आरं, ती तिथंच तर बसायची," लोक म्हणाले.

"तिथं ती रुसून बसायची," गोंदाजी म्हणाला.

घराचा मागमूस उरला नाही, तरी तो आखत राहिला. कुणी भाकरी दिली तर खायचा, नाही दिली तर नाही. एका सकाळी तो दिसेनासा झाला. असं म्हणतात, की भिंतीची सरळ बघायचा त्याचा ओळंबा त्या जागेवर अधांतरी, अगदी सरळ लोंबत होता; दोरी धरणारा हात नव्हता. बाया रडू लागल्या, तेव्हा कुठं तो खाली पडला.

आज बोरीदऱ्यात स्लॅबची घरं आहेत. तरी पायाला कुदळ लावण्याआधी नवरा पायातल्या चपला काढतो आणि चारचौघांत बायकोला विचारतो, "कुठं बसशील?" ती सांगेल तिथं निदान सुपाएवढी जागा उघडी सोडतात आणि एक झाड लावतात.

गोंदाजीच्या जागेवर मात्र कुणी घर बांधत नाही. गावात आलेली प्रत्येक नवी सून तिथं एकदा अनवाणी फिरते आणि बसावंसं वाटेल तिथं बसते. म्हाताऱ्या तिच्याभोवती फक्कीची रेघ ओढतात आणि वाट बघतात. पाऊस येतो, रेघ पुसून जाते. साळूची जागा अजून कुणालाच सापडलेली नाही.