केरबाची पीएच.डी.

एका विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागात एक भोळा विद्यार्थी होता. नाव केरबा. मामाची शेवंता त्याला फार आवडायची. पण मामांनी अट घातली होती, "आधी पीएच.डी., मग अक्षता." केरबाला रात्री झोप येईना.

त्याच्या मार्गदर्शक इनामदारबाई म्हणाल्या, "खेड्यात जा. नुसतं बघायचं, मध्ये पडायचं नाही."

केरबा गेला. एका म्हातारीच्या घरात शेळी शिरली आणि परातीतलं पीठ खाऊ लागली. म्हातारी ओरडली, "अरं मुडद्या, हाकल की तिला!"

"आजी, मी नुसतं बघतोय."

शेळीनं पीठ संपवलं. म्हातारीनं केरबाला केरसुणीनं झोडपलं.

परत येऊन त्यानं हे सांगितलं, तसा इनामदारबाईंनी कपाळाला हात लावला. "अरे शहाण्या, माणसांत मिसळावं! ती करतील ते करावं."

केरबानं मान डोलावली. दुसऱ्या खेपेला गावात एका म्हाताऱ्याचा दहावा होता. मुलं ओळीनं डोकी भादरून घेत होती. केरबाही ओळीत बसला आणि गोटा करून उठला. म्हाताऱ्याची बायको बघतच राहिली.

"ह्यो कुणाचा? धन्याचं आणखी एक घर होतं व्हय?"

झालं! मुलांना वाटलं, हा जमिनीत वाटा मागायला आला. ती काठ्या घेऊन धावली. केरबा जीव घेऊन पळाला आणि घडलं ते सगळं त्या बाईच्या नावानिशी लिहून मोकळा झाला.

इनामदारबाई भडकल्या. "त्या माउलीची अब्रू गेली की रे! बाईमाणसाचं नाव कधी उघड करू नये. नावाच्या जागी आकडा घालावा."

हे मात्र केरबानं काळजावर कोरून घेतलं. प्रबंधात बाई क्रमांक एकपासून सहापर्यंत सगळ्या नीट बसवल्या. आणि काय सांगावं, गडी डॉक्टर झाला! मामांनी शब्द पाळला. अक्षता पडल्या. केरबाला आभाळ ठेंगणं झालं.

पंगत बसली. शेवंतानं लाजत छानसा उखाणा घेतला. मग बायका केरबाच्या मागं लागल्या, "नवरदेव, आता तुम्ही नाव घ्या!"

केरबाला घाम फुटला. नाव घ्यायचं? बाईमाणसाचं? भर मांडवात? पण शिकलेलं कामी आलं. तो खणखणीत आवाजात म्हणाला,

"चांदीच्या ताटात वाढला वरणभात,
माझ्या शेजारी बसली बाई क्रमांक सात!"

मामांच्या हातातला लाडू खाली पडला. शेवंतानं हातातला घास ताटात ठेवला आणि विचारलं, "आधीच्या सहा कोण?"

केरबानं छातीवर हात ठेवला. "मेलो तरी त्यांची नावं सांगणार नाही!"