पाठ करून उभा राहिलेला सारंग

कुणाच्या पणजोबांच्या पणजोबांनाही आठवायचं नाही, इतक्या जुन्या काळी समुद्राकाठी एक मोठं साम्राज्य होतं. तिथली एक रीत फार कडक. सम्राटांकडे कुणी पाठ करायची नाही. दरबारातून निघायचं ते उलट्या पावली. पंगतीत वाढणारे वाढून झालं की मागे मागे सरकत जायचे. एवढंच काय, पालखीचे पुढचे भोईसुद्धा उलटे चालायचे. दर पावसाळ्यात त्यांच्यातल्या एखाद्याचा पाय मोडायचा, पण रीत काही मोडली नाही.

या साम्राज्याच्या आरमारावरचा सारंग, म्हणजे जहाजं हाकणारा प्रमुख, परदेशी होता. वीस वर्षांपूर्वी त्याचं गलबत फुटलं आणि तो एका फळीला धरून या किनाऱ्याला लागला. इथल्याच कोळणीशी त्याने लग्न केलं, इथलीच भाषा शिकला, आणि साध्या खलाशापासून चढत चढत सगळ्या जहाजांचा मुख्य झाला. माणूस कामाला चोख. पण दरबारात त्याचं नाव निघालं की कुणीतरी म्हणायचंच, "कितीही केलं तरी बाहेरचा तो बाहेरचाच."

एकदा सम्राटांच्या मनात आलं, आपलं आरमार आपण स्वतः जहाजात बसून पाहावं. आदल्या दिवशी रीतिरिवाज सांभाळणारा म्हातारा मानकरी जहाजावर आला. त्याने जहाजाच्या मागच्या टोकाला उंच चौथरा करून सिंहासन मांडलं. तिथून वीस पावलं पुढे सुकाणूचं चाक होतं. ते पाहून तो म्हणाला, "सारंग, उद्या महाराजांकडे तोंड करून सुकाणू धरायचं."

"मग समोर कोण बघणार?"

"समोर समुद्र आहे. तो कुठे पळून जातोय?"

"समुद्र नाही जात, मानकरी. पण खाडीच्या तोंडाशी पाण्याखाली खडक आहे. वर नुसता फेस दिसतो. तो चुकवायचा तर त्याच्यावरून नजर हलवून चालत नाही. सिंहासन पुढच्या टोकाला मांडा, तंटाच मिटला."

"पुढे वारा लागतो. आणि महाराजांनी नोकरासाठी जागा बदलायची होय? उद्या तुझी पाठ दिसली तर तुझं पद गेलं, आणि या राज्यातलं राहणंही गेलं. ध्यानात असू दे."

सारंग घरी आला. नवराबायकोचं बोलणं ऐकू नये म्हणतात, पण ते ऐकल्याशिवाय गोष्ट पुरती कळायची नाही.

बायको म्हणाली, "एका दिवसाचं तर आहे. करा की तोंड तिकडे. माझ्या भावाने पाठ केली तर त्याला हट्टी म्हणतील. तुम्ही केलंत तर फितूर म्हणतील."

"म्हणू देत. पाणी नाकातोंडात जाताना कुणाला गाव विचारत नाही."

"हे घर सोडावं लागेल. कळतंय ना?"

"कळतंय. म्हणून तर तुला विचारतोय."

ती बराच वेळ चुलीतली लाकडं पुढेमागे करत राहिली. मग तिने ताट मांडलं. "जेवून घ्या आधी. उपाशी पोटी कुणी 'नाही' म्हणायला जाऊ नये."

दुसऱ्या दिवशी शिडं भरली, जहाज निघालं. जहाजावर तीनशे माणसं, सगळी सम्राटांकडे तोंड करून. दोर ओढणारे खलाशीसुद्धा माना मागे वळवून. पुढे बघणारे दोघेच. एक सिंहासनावरचे सम्राट, आणि दुसरा त्यांच्याकडे पाठ करून उभा असलेला सारंग.

दरबाऱ्यांत कुजबुज झाली. सम्राट म्हणाले, "सारंग, तुझं तोंड आम्हाला दिसत नाही."

सारंग न वळता म्हणाला, "महाराज, वीस वर्षं तुमचं मीठ खातोय. जमिनीवर सांगाल तितका वाकेन. पण इथे तीनशे जीव माझ्या हातात आहेत, आणि त्यातला एक तुमचा आहे. मी वळणार नाही."

"पकडा त्याला," मानकरी ओरडला.

चार शिपाई निघाले. पण त्यांनाही सम्राटांकडे पाठ करायची नव्हती. निघाले उलटे. एक दोराच्या वेटोळ्यात बसला, दुसरा त्याच्यावर पडला, उरलेले दोघे चाचपडत राहिले. तेवढ्यात सम्राटांना समोर फेस दिसला. फेसाखाली काळा खडक होता, जहाजाच्या रुंदीएवढा. सारंगाने चाक गरागरा फिरवलं आणि खडक हातभर अंतरावरून मागे गेला. सम्राटांनी सिंहासनाचे दोन्ही हात घट्ट धरले होते. शिपाई सारंगापर्यंत पोचले ते त्यानंतर, आणि सम्राटांनी हात वर करून त्यांना थांबवलं.

सम्राटांनी खडक पाहिला होता. दरबाराने मात्र पाठ पाहिली होती. किनाऱ्याला लागल्यावर सम्राट हळूच म्हणाले, "सगळ्यांसमोर माफी माग. पद राहील."

"चुकलो असतो तर मागितली असती, महाराज." सारंगाने कमरेची तलवार काढून खाली ठेवली आणि तो घरी गेला. आठ दिवसांत राज्य सोडण्याचं फर्मान त्याच्या मागोमाग आलं.

चौथ्या दिवशी सम्राटांना पुन्हा जहाजातून निघायचं होतं. मानकऱ्याने इथलाच, सात पिढ्या जहाजं हाकणाऱ्या घरातला तांडेल बोलावला. तांडेल म्हणाला, "धरतो सुकाणू. पण मी पुढे बघणार."

दुसऱ्याला बोलावलं, तिसऱ्याला बोलावलं. उत्तर तेच.

"अरे, तो परका होता. तुम्ही तर इथले ना?" मानकरी काकुळतीला आला.

"इथलेच. म्हणून तर तो खडक आम्हाला लहानपणापासून ठाऊक आहे," पहिला तांडेल म्हणाला. "आजवर बोलायची छाती झाली नव्हती, इतकंच."

सम्राट धक्क्यावर उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं. मग त्यांनी तिथेच हुकूम दिला, की पाण्यावर असताना सुकाणू धरणाऱ्याने कुणाचाही मान राखायचा नाही, आमचाही नाही. आणि सारंगाकडे मानकऱ्यालाच पाठवलं.

सारंगाच्या दारात बांधलेली बोचकी होती. मानकरी खाली बघत म्हणाला, "महाराजांनी बोलावलंय."

"माफी मागायला येणार नाही मी."

"मागितलेली नाही कुणी."

सारंगाने बायकोकडे पाहिलं. तिने एका बोचक्याची गाठ सोडायला घेतली.

तात्पर्य: ज्याच्या हाती सुकाणू आहे, त्याने धन्याच्या तोंडाकडे न बघता समोरच्या वाटेकडे बघावं, कारण खरी निष्ठा तीच.