जुन्या पत्त्यावरची नोटीस

एकदा एका वृद्ध वकिलांकडे मसाल्याच्या कारखान्याचे मालक आले. कंपनी दोघा सख्ख्या भावांची, आलेला थोरला. शंभरातले ऐंशी शेअर या थोरल्याचे व त्याच्या पत्नीचे, वीस धाकट्याचे. धाकट्याला संचालकपदावरून आधीच दूर केले होते. आता नवे शेअर काढून ते सगळे थोरल्यानेच घ्यावेत, असा ठराव सभेत करायचा होता. तो झाला की धाकट्याचा वाटा नावापुरता उरणार होता. आयुष्याची वीस वर्षे त्याने त्या कारखान्यात घातली होती.

धाकट्याचा गुन्हा काय, तर कारखान्यातली एक रीत. दळलेला मसाला पाकिटात भरण्याआधी चाळणीवरच्या बायका चिमूटभर धाकट्याच्या तळहातावर ठेवत. त्याने वास घेऊन ‘ठीक’ म्हटले, की माल पुढे जाई. त्याला काढल्यावर थोरला स्वतः त्या जागी हात पुढे करून उभा राहू लागला. बायका चिमूट ठेवत, पण बघत फाटकाकडे, धाकटा येतो का म्हणून. हे सांगताना थोरल्याचा चेहरा काळवंडला. मालक आपण आणि मान त्याला, हे त्याला सोसवत नव्हते.

त्याची एक अट होती. धाकट्याने घर बदलल्याचे कंपनीला रीतसर कळवले होते. तरी सभेची नोटीस जुन्याच पत्त्यावर धाडावी, म्हणजे तो येणार नाही. वकील ‘बघतो’ म्हणाले. दुसऱ्या दिवशी ती नोटीस घेऊन ते स्वतः धाकट्याच्या नव्या घरी गेले. सभेला अवश्य या, असेही सांगून आले आणि थोरल्याला तसे फोनवर कळवले. तो फोनवरच भडकला.

वकिलांच्या हाताखाली शिकणारा शिष्यही चक्रावला. आपल्याच पक्षकाराच्या विरोधात का जायचे, असे त्याने विचारले.

वकील म्हणाले, “नोटीस दडवली तर ठराव न्यायाधिकरणात टिकत नाही, हे तुला ठाऊक आहे. ते राहू दे. ज्याच्या हाती ऐंशी मते आहेत, त्याला वीसवाल्याची भीती का वाटावी? तो आला तरी ठराव मंजूर, न आला तरी मंजूर. मग तो समोर नको, हे कशासाठी? अरे, हा मत्सर आहे. मत्सरी माणसाला दुसऱ्याला हरवायचे असते, पण हरवताना त्याच्याकडे बघवत नाही. ह्याला एकदा बघू दे.”

सभेला थोरला, त्याची पत्नी आणि धाकटा एवढेच सभासद. वकील व शिष्य बाजूला बसले. ठराव वाचून झाला. धाकटा शांतपणे म्हणाला, “दादा, मंजूर तर होणारच आहे. माझ्याकडे बघून ‘बाजूने’ म्हण, मी उठतो.”

थोरल्याने वर पाहिले. तो शब्द काही त्याच्या तोंडून निघेना. निघाले ते भलतेच.

“त्या बायका तुझीच वाट का बघतात रे? मी त्यांचा कोणीच नाही का?”

धाकटा मग म्हणाला, “मला कुठे एवढं कळतं, दादा? मी वास घ्यायचो आणि त्यांनाच विचारायचो, तुम्हाला कसा वाटला. त्या म्हणतील तेच मी म्हणायचो.”

थोरल्याच्या पत्नीने टेबलावरचा ठरावाचा कागद उचलला आणि वकिलांच्या हाती परत दिला. थोरल्याने तिला अडवले नाही.