रिकाम्या चुलीच्या धुराची कहाणी

ऐका चूलदेवी, तुमची कहाणी. आटपाट नगर होतं. नगरात रंगाऱ्यांची आळी होती. आळीत आवडा नावाची बाई राहत होती. नवरा नीळ ढवळी. ढवळता ढवळता त्याला खोकला लागला. आवडेनं सावकाराकडून कर्ज काढलं, वैद्याचे काढे आणले. काढे संपले, नवरा गेला, कर्ज राहिलं. घरात ती आणि तिची लेक ठमी.

त्या नगरीं एक रीत होती. दर शुक्रवारी राजाच्या कोठारातून निराधार बायांना ज्वारी मिळे. बाईनं पदर पसरावा, कोठीवाल्यानं माप ओतावं. आवडा लोकांचं सूत काती. मजुरी व्याजात जाई, ज्वारी पोटात जाई. दिवस निघत होते.

सावकाराची रीत निराळी. त्याचा दिवाणजी रोज सकाळी आळीतून फिरे, मान वर करून छपरं पाही. ज्याच्या घरातून धूर, त्याला मुदत. ज्याची चूल थंड, त्याचं घर बुडालं म्हणावं आणि तारण उचलावं. आवडेकडे तारणाला काही नव्हतं. कर्ज घेताना ती बोलून गेली होती, "नाहीच फिटलं तर लेक तुमच्या घरी राबेल." तेव्हा नवरा अंथरुणावर होता. तिला वाटलं होतं, तो उठेल.

मग काय झालं? राजाकडे नवा प्रधान आला. म्हणाला, "महाराज, कोठार रितं होतंय. खरे गरीब थोडे, सोंगं फार." राजा म्हणाला, "ओळखावं कसं?" प्रधान म्हणाला, "बुरुजावर माणूस बसवावा. ज्याच्या घरातून धूर निघतो, त्याच्या घरी शिजतंय. ज्याच्या घरी शिजतंय, त्याला माप कशाला?" राजाला पटलं. राजा भला होता, पण चुलीजवळ कधी बसला नव्हता.

दवंडी पिटली. धूर काढावा, तर माप जातं. धूर न काढावा, तर लेक जाते. माप गेलं तर उपाशी राहू, लेक गेली तर राहिलं काय? मग तिनं चुलीत ओला पाला घातला. वर मडकं ठेवलं. मडक्यात पाणी आणि खडे टाकले. दिवाणजीनं धूर पाहिला, पुढे गेला. बुरुजावरच्या माणसानं धूर पाहिला, मापाच्या यादीतलं नाव खोडलं.

पहिल्या शुक्रवारी तिनं पदर पसरला. कोठीवाला म्हणाला, "घरी मेजवान्या झोडता, आणि वर पदर पसरता?" दुसऱ्या शुक्रवारी तो नुसता हसला. तिसऱ्या शुक्रवारी ती गेलीच नाही.

शेजारीण गजरा कुडापलीकडून विचारी, "आवडे, काय शिजवतेस गं? धूर आळीत मावत नाही."

"पिठलं गं. तू?"

"आमटी टाकलीय."

"मजा आहे बाई तुझी."

"तुझीच म्हण."

आत ठमी मडक्याशी बसून विचारी, "आई, पिठलं कधी होईल?" आवडा म्हणे, "होईल." पोर वाट पाहता पाहता झोपून जाई.

एके दिवशी चूलदेवी म्हातारीचं रूप घेऊन आली. कंबरेत वाकलेली, हातात फुटकं खापर. "बाई, विस्तव दे गं. माझी चूल विझली."

आवडा दारात आडवी उभी राहिली. "आजी, थांबा, मी आणून देते."

"अगं, दारात कुणी विस्तव देतं का? मागायला आलेल्यानं आपल्या हातानं निखारा घ्यावा, ही चुलीची रीत." म्हातारी आत शिरली. झाकण उचललं. "हे काय गं?"

"पिठलं," आवडा म्हणाली, आणि खाली बसून तिनं सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, "आजी, कर्ज काढूनही माणूस राहिला नाही हो."

म्हातारी म्हणाली, "गेलेलं माणूस माझ्याही हाती नाही. राहिलेलं तुझ्या हाती आहे. वसा सांगते, तो घे. शुक्रवारी घरची चूल पेटवूं नये. शेजारणीकडे विस्तव मागायला जावं. तिचं झाकण उचलावं, आपल्या मडक्यातलं खरं सांगावं. असेल ते एका चुलीवर शिजवावं. लाजूं नये, लपवूं नये, लटकं बोलूं नये."

"पण दिवाणजीला धूर दिसला नाही, तर?"

उत्तर द्यायला म्हातारी होती कुठे?

शुक्रवार उजाडला. आवडेनं चूल पेटवली नाही. खापर घेतलं, गजरेकडे गेली. गजरा दारात आडवी आली. "थांब गं, मी आणून देते." आवडेनं ते शब्द ओळखले. ती आत गेली, झाकण उचललं. नुसतं पाणी.

"ही आमटी?"

"आणि तुझं पिठलं?"

"खडे."

दोघी हसल्या. हसता हसता रडल्या. मग दोघी मिळून तिसरीकडे गेल्या. तिथं मडकंही नव्हतं, नुसता पाला धुमसत होता. सगळ्या आळीच्या डोक्यावर सावकार, सगळ्या आळीचा धूर खोटा. मग कुणी मूठभर कण्या आणल्या, कुणी कांदा आणला, कुणी मीठ आणलं. आळीच्या टोकाला एकच चूल मांडली. छपरावर कुठेही धूर नाही.

दिवाणजी आला. "आवडाबाई, चूल थंड? संध्याकाळी येतो. पोरीचे कपडे बांधून ठेवा."

आवडा धावत घरात गेली. ओला पाला उचलला, चुलीशी नेला. गजरा दारातून म्हणाली, "टाक तो पाला. आज शुक्रवार." आवडेनं ठमीकडे पाहिलं. मग पाला खाली टाकला.

इकडे संध्याकाळी राजवाड्यातली चूल विझली. दासींनी प्रधानाकडचा विस्तव आणला, पायरीवर विझला. सावकाराकडचा आणला, उंबऱ्यात विझला. देवळातला आणला, चुलीत पडताच विझला. मग राणी स्वतः खापर घेऊन निघाली. आळीच्या टोकाला एक धूर दिसला, तिकडे आली. पाहते तर दिवाणजीनं ठमीचा एक हात धरलेला, आवडेनं दुसरा.

राणी म्हणाली, "बाई, विस्तव देता?"

आवडा म्हणाली, "न्या की. पण आधी झाकण उचला."

राणीनं उचललं. तळाशी पातळ कण्या. "हे कुणाचं?"

"सगळ्या आळीचं."

"मग रोजचा धूर कसला?"

"ओल्या पाल्याचा," आवडा म्हणाली. "धूर दिसला तर महाराज माप काढतात. धूर दिसला नाही तर हे दिवाणजी लेक नेतात. राणीसाहेब, तुम्ही असता तर काय केलं असतं?"

राणीनं दिवाणजीकडे पाहिलं. त्याचा हात सुटला. राणीनं निखारा घेतला. तो वाड्यापर्यंत लाल राहिला. तिनं चूल पेटवली, पण पान वाढलं नाही. राजाला म्हणाली, "आधी आळीत चला."

राजा आला, चुलीजवळ बसला. धूर डोळ्यांत गेला, पाणी आलं. म्हणाला, "मी धूर मोजला, मडकं पाहिलं नाही." मग त्यानं हुकूम काढला. मागेल तिच्या पदरात माप घालावं, धुरावरून घर जोखूं नये, माणूस तारण घेऊं नये. प्रधानाला आळीच्या चुलीशी फुंकणी देऊन बसवलं. खोकून खोकून तो शहाणा झाला.

कर्ज काही माफ झालं नाही. मुदत मिळाली. आवडा सूत काती, थोडं थोडं फेडी. अजूनही दिवाणजीची पावलं वाजली की ठमीचा हात धरी. पण तिच्या मडक्यात आता दाणे वाजत, आणि शुक्रवारी आळीत चूल एकच पेटे.

चूलदेवी जशी आवडेला पावली, तशी तुम्हांआम्हां पावो. कुणाच्या घरी खडे शिजत असतील, तर शेजारणीला वेळेत कळो. ही साठां उत्तरांची कहाणी पांचा उत्तरीं सांगितली, चुलीशी सुफळ, पदरात संपूर्ण.