ज्योतीवर धरलेली थाळी

"मग पाणी आणायचं तरी कुठून, बाबा? तुम्हीच सांगा."

विश्वंभरने हे तिसऱ्यांदा विचारलं. धुंडिनाथबाबा आपल्या छोट्या शेगडीपाशी मांडी घालून बसले होते. त्यांनी ऐकलं आणि नुसती मान हलवली.

मंगळावरच्या त्या वस्तीत चाळीस माणसं राहत. बाबा पहिल्या तुकडीतले, सगळ्यांत वडील. पाणी मिळे ते जमिनीखालच्या बर्फातून. बर्फ खणायचा, वितळवायचा, गाळायचा आणि प्यायचा. पिऊन उरेल त्याचं विश्वंभर इंधन करी. विजेने पाणी फोडून त्यातला हायड्रोजन घ्यायचा, बाहेरच्या हवेतला कार्बन घ्यायचा आणि दोन्ही भट्टीत घालून मिथेन करायचा. येणारं यान परतीचं इंधन बरोबर आणत नसे. ते इथेच, इथल्या मातीतून आणि हवेतून कमवावं लागे.

हे काम विश्वंभर बाबांकडूनच शिकला, आणि त्याच्या हाताला ते छान बसलं. ते त्याला माहीतही होतं. जरा जास्तच माहीत होतं. "मी दगडाचा उजेड करतो," असं तो जेवताना चारचौघांत म्हणे. लोक हसत, पण खोटं आहे असं कोणी म्हणत नसे.

परतीची टाकी भरली त्या दिवशी त्याने झडपेला लाल दोरा बांधला. भरल्या टाकीला दोरा बांधायचा आणि यान सुटेपर्यंत तिला कोणी हात लावायचा नाही, असा वस्तीचा रिवाज होता. या खेपेला जाणारे एकटे बाबाच. त्यांच्या छातीत दुखणं होतं. त्यावरची शस्त्रक्रिया इथे होण्यासारखी नव्हती, आणि पुढचं यान दोन वर्षांनी. तोवर बाबा टिकतील असं डॉक्टरीणबाई म्हणत नव्हत्या.

विश्वंभरने बाबांचे पाय धरून शब्द दिला होता, "तुम्हाला घरी पोचवणार तो मीच."

आणि दोरा बांधून आठवडा होतो न होतो तोच बर्फ संपला. खाणीत नुसते खडक लागले. नवी खाण हाती यायला महिना तरी जाणार होता, आणि यान सुटायची वेळ त्याआधीच येत होती. आधी मेथीचे वाफे सुकले, मग आंघोळी बंद झाल्या. त्या सकाळपासून प्यायचं पाणी माणशी अर्धा तांब्या झालं होतं.

"अजून कमी करू," विश्वंभर म्हणाला. "जरा कळ काढली म्हणून माणसं मरत नाहीत."

"सुमित्राचं दूध आटलं," बाबा म्हणाले.

सुमित्रा वस्तीतली बाळंतीण. बाळ दोन महिन्यांचं होतं.

"नवी खाण लागेलच की, बाबा."

"लागेल."

"मग?"

"बाळाला तसं सांगून ये."



विश्वंभर एकदम उसळला. "मी काय करू? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? बर्फ असता तर रात्रंदिवस भट्टी पेटवली असती. नसलेल्या बर्फाचं पाणी मला करता येत नाही!"

"ती थाळी दे इकडे," बाबा म्हणाले.

थाळी बाहेरच्या भिंतीला आतून टेकून उभी होती. बाहेरच्या थंडीने ती गार पडली होती. विश्वंभरला बोटं चटकन झटकावी लागली.

बाबांनी शेगडी पेटवली. शेगडीला एक लहानसं नळकांडं जोडलेलं होतं. निळी ज्योत उभी राहिली. तिच्यावर, थोडी उंच, बाबांनी थाळी पालथी धरली. त्यांचा हात कापत होता.

दोघे बघत राहिले...

थाळीवर आधी धूसर वाफ धरली. मग बारीक बारीक थेंब. एक थेंब घरंगळत काठाशी आला आणि तिथेच लोंबत राहिला.

"काय आहे हे?"

"पाणी," विश्वंभर हळूच म्हणाला.

"आलं कुठून?"

"...जाळातून."

"तुला माहीत नव्हतं?"

विश्वंभरने मान खाली घातली. "होतं, बाबा. मिथेन जाळला की त्याचं पुन्हा पाणी होतं, हे खाणीत खडक लागला त्याच दिवशी मनात आलं होतं. मी ते कोणाला सांगितलं नाही."

खाली बघता बघता त्याला बाबांचं मनगट दिसलं. मनगटावर लाल दोरा होता. त्याने नळकांड्याकडे पाहिलं, पुन्हा दोऱ्याकडे पाहिलं.

"बाबा! टाकी उघडलीत तुम्ही?"

"उघडली."

"यान सुटेपर्यंत हात लावायचा नाही, असा रिवाज आहे आपला!"

"टाकी माझ्यासाठीच भरली होतीस ना? मग दोरा मीच सोडला."

विश्वंभरला रडू आलं. तोंड झाकून, हुंदके देत तो रडला. बाबांवर त्याचा फार जीव होता.

"टाकी जाळली तर यान उडायचं नाही," तो म्हणाला. "यान उडालं नाही तर तुम्ही..."



"पाण्याचा रस्ता केलास," बाबा म्हणाले. "चांगला केलास. आता रस्त्याचं पाणी कर."

"माझ्या हातून नाही होणार."

"बरं." बाबा गुडघ्यावर हात टेकून उठले. "मग मीच फिरवतो झडप. माझा हात कापतो खरा. चार थेंब इकडेतिकडे गेले तर मला बोल लावू नकोस."

 डोळे पुसून विश्वंभर उठला आणि त्याने बाबांच्या हातातली थाळी काढून घेतली. थेंब सांडू नयेत म्हणून ती जपून उताणी धरली आणि तो भट्टीकडे निघाला.

पलीकडच्या खोलीतून बाळाचं रडणं येत होतं. दाराशी जाऊन विश्वंभर थांबला. मागे वळून बघायचं धैर्य त्याला झालं नाही.

"बाबा, मग तुम्ही घरी कसे जाणार?"

बाबांनी शेगडी बंद केली.

"घरात बसलेल्या माणसाला असं विचारतात होय रे?"